पुस्तकांच्या कपाटामागे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हं", "बरं", "आईला देऊ?" एवढंच बोलतोस, म्हणून लिहायला बसलो. आई रविवारी मिरजेला येतेय, तिच्या पिशवीत हे पत्र टाकतोय. आत्यासमोर वाचू नकोस, ती हसत सुटेल.

तुझ्या टेबलाखालचं खोकं मी रद्दीबरोबर देऊन टाकलं. वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढत होतो, त्यात तेही बाहेर आलं. आत वायरींचा गुंता, जुन्या मिक्सरची मोटार, कॉम्प्युटरचा पंखा, आइस्क्रीमच्या काड्या. मला कचरा वाटला. तू क्लासहून आलास, टेबलाखाली वाकून पाहिलंस आणि काही न बोलता बाल्कनीत जाऊन उभा राहिलास. तेव्हा मी "अरे, सॉरी, नवीन आणू" म्हणालो. ते नुसतं तोंडातून निघालं होतं, हे तुलाही कळलं आणि मलाही.

तू आत्याकडे मिरजेला गेलास त्या रात्री झोप येईना. मोबाइलवर काहीबाही बघत होतो, तर समोर 'डेक्सटर्स लॅबोरेटरी' आलं. माझं लहानपणीचं सगळ्यात लाडकं कार्टून. एक भाग बघू म्हटलं आणि दीड वाजला.

तुला सांगितलंय का कधी? १९९८ च्या आसपास, मी सहावीत. आपल्याकडे केबल नव्हती, म्हणून शाळेतून आलो की दप्तर टाकून शेजारच्या काकूंकडे पळायचो. मी आणि तुझी आत्या. तेव्हा कार्टून नेटवर्क हे चॅनल दिवसा कार्टून दाखवायचं आणि रात्री त्याच नंबरावर जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे. कार्टूनही आधी इंग्रजीतच होतं, हिंदी नंतर आलं. आम्ही मराठी शाळेतली पोरं, एक अक्षर कळत नसे. पण ठेंगणा, केशरी केसांचा, पांढरा कोट आणि जांभळे हातमोजे घालणारा डेक्सटर काय करतोय ते कळायला भाषा कशाला हवी? तो पुस्तकांच्या कपाटाला हात लावायचा, कपाट सरकायचं, आणि मागे किल्ल्याएवढी प्रयोगशाळा.

एक गंमत मला आत्ता, एवढ्या वर्षांनी कळली. डेक्सटर विचित्र उच्चारात बोलतो. घरातलं बाकी कोणीच तसं बोलत नाही, आईबाबा साधे अमेरिकन. आम्हाला सगळंच इंग्रजी सारखंच परकं, त्यामुळे हा फरक कधी कानावरच आला नव्हता. त्याला आवाज देणाऱ्या क्रिस्टीन कॅव्हनॉ यांनी त्याचं कारण मजेशीर सांगितलं होतं: तो शास्त्रज्ञ आहे, आणि शास्त्रज्ञाला असा काहीतरी उच्चार लागतोच, असं त्याचं मत. त्या २०१४ मध्ये गेल्या. शेवटच्या सीझनांत आवाज दुसऱ्या बाईंचा आहे. तो बराच जवळचा आहे, तरी माझं मन रमलं नाही. पहिले दोन सीझनच बघ, १९९६ ते १९९८ चे.

त्यातला 'द बिग चीज' आवर्जून बघ. फ्रेंचची परीक्षा असते, म्हणून डेक्सटर झोपेत शिकवणारं यंत्र डोक्याला लावून झोपतो आणि रेकॉर्ड अडकते. सकाळी उठतो तर तोंडातून एकच वाक्य, "ऑमलेट दु फ्रोमाज". दिवसभर सगळे त्यावर खूश! मुली मागे लागतात, तो जगभर गाजतो. संध्याकाळी प्रयोगशाळेच्या दारात मात्र पासवर्ड विचारला जातो आणि याला दुसरं काही बोलताच येत नाही. सगळी लॅब उडते. (खरं फ्रेंच 'ओ फ्रोमाज' आहे म्हणे, म्हणजे त्याचं ते एक वाक्यही चुकीचंच.) त्या रात्री फोनवरचं तुझं "हं, बरं, हं, बरं" आठवून मला हसू आलं, मग हसू गेलं.

लहानपणी मी स्वतःला डेक्सटर समजायचो, आणि तुझी आत्या म्हणजे डीडी. बॅलेचा गुलाबी झगा घालून नाचत येणारी त्याची ती लंबूटांग बहीण. त्याने कितीही कुलपं घातली तरी ती आत हजर, आणि दिसेल त्या बटनाकडे बोट करून विचारणार, "ऊऽऽ, हे बटन कशाचं?" आणि दाबणार. पुढे स्फोट. माझी लॅब माळ्यावर, एका पत्र्याच्या ट्रंकेत होती. टॉर्चचे सेल, मोडलेलं गजराचं घड्याळ, एका ट्रान्झिस्टरची पोटातली आतडी. घड्याळाची घंटा काढून मी एक सापळा केला होता, माळ्याच्या शिडीवर कोणी पाय ठेवला की घंटा वाजायची. तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी ताई वर आली, "हे काय रे?" म्हणाली आणि हातात धरून ओढलं. मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. तुझा हा गुण कुठून आला ते कळलं ना?

आता ऐक. हे कार्टून काढणारा गेंडी टार्टाकोव्हस्की मूळचा मॉस्कोचा, सात वर्षांचा असताना घरच्यांबरोबर अमेरिकेत आला. कॅलिफोर्नियात ॲनिमेशन शिकत असताना त्याने आधी एका उंच, सडपातळ नाचणाऱ्या मुलीचं चित्र काढलं. मग तिच्या उलट असं कोण असेल, म्हणून बुटका, चौकोनी डेक्सटर. म्हणजे आधी डीडी, नंतर तो. हे वाचलं तेव्हा तुझ्या आत्याला लगेच फोन करणार होतो. केला नाही, तिला आयुष्यभराचं भांडवल मिळालं असतं.

पण त्या रात्री माझं लक्ष भलतीकडेच गेलं. डेक्सटरचे आईबाबा. आई कायम रबरी हातमोजे घालून घर घासतेय, बाबांना गोल्फ आणि मफिन यापलीकडे जग नाही. दोघं प्रेमळ आहेत, मुलाला वेळेवर जेवायला हाक मारतात. आणि आपल्याच घरात, एका कपाटामागे, यंत्रमानव उभे आहेत याचा त्यांना पत्ता नाही! सहावीत मला तो सगळ्यात मोठा विनोद वाटायचा. इतकं मूर्ख कोण असतं? दुसऱ्या सीझनच्या शेवटी एका भागात त्यांना कळतं. राक्षस शहरात शिरतो, सगळं कुटुंब मिळून यंत्रमानव चालवतं आणि लढतं. आणि शेवटी त्यांच्या आठवणीतून ते पुसून टाकलं जातं. दुसऱ्या दिवशी परत हातमोजे, परत गोल्फ. हा भाग मी तेव्हा टाळ्या वाजवत पाहिला होता. या वेळी मोबाइल उपडा ठेवून पाणी प्यायला उठलो.

माझ्या माळ्यावरच्या ट्रंकेत काय आहे हे आजोबांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. जुन्या वह्या आहेत, असं ते समजत. त्यांनी कधी काही मोडलं नाही, कधी विचारलंही नाही. वर चढून विचारलं ते फक्त ताईने.

सकाळी भंगारवाल्याकडे गेलो. तो बिचारा ओळखून म्हणाला, "साहेब, ती मोटार चालू आहे बरं का. पोरानं नीट वायरिंग केलंय. काय होतं ते?" मी "काय माहीत" म्हणालो. म्हणताना लाज वाटली. शाळेचे मार्क, क्लासची फी, तुझ्या बुटाचा नंबर, सगळं मला पाठ आहे. टेबलाखाली चार महिने काय चाललं होतं, ते नाही.

मोटार मिळाली. पंखा मिळाला, एक पातं तुटलंय. सर्किटची पट्टी गेली, ती काही सापडली नाही. काड्यांचा सांगाडा चेपलाय, पण फेकलेला नाही. आणि एका काडीला चिकटवलेलं लाल बटन आहे. सगळं तुझ्या टेबलावर, खाली नाही, वर ठेवलंय. आईला हात लावू नको म्हणून सांगितलंय.

मी ते बटन अजून दाबलेलं नाही. कशाचं आहे ते?

तुझा,
बाबा