डोंगरावरच्या संगीत महोत्सवाला निघण्याआधी : आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या तिकिटांवर शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असं लिहिलंय आणि मैदान २७०० मीटर उंचीवर आहे. सगळी तयारी या उंचीच्या आकड्यावरून ठरवायची. साधारण २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. तिथे ऑक्सिजनचं प्रमाण खालच्याइतकंच, २१ टक्के असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही थोडा कमी भरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. रोज फिरायला जाणाऱ्या दणकट माणसालाही हा त्रास होतो. आपण किती उंच गेलो आणि किती घाईने गेलो, यावर तो जास्त अवलंबून असतो. म्हणून गुरुवारीच निघा, ती रात्र १५०० ते २००० मीटरवरच्या एखाद्या गावात काढा आणि शुक्रवारी सावकाश वर जा. पोहोचल्यावर तासभर नुसतं बसा. सामान लावायची घाई नको, त्या दिवशी जड उचलणं तर नकोच.

त्रास बहुधा पोहोचल्यावर लगेच जाणवत नाही, ६ ते १२ तासांनी जाणवतो. तुम्ही शुक्रवारी दुपारी पोहोचलात, तर तो रात्री किंवा शनिवारी सकाळी वर येईल. डोकं दुखतं, मळमळतं, भूक मरते, गरगरतं, पाय ओढल्यासारखे होतात. नेमकं तेव्हाच ‘झोप झाली नाही’, ‘आवाज फार होता’ अशी कारणं सुचतात. वर गेल्यावर डोकं दुखू लागलं, तर दुसरं कारण पक्कं सापडेपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं समजा. तसं असताना आणखी वर चढायचं नाही, पाणी पीत आराम करायचा. आराम करूनही वाढत गेलं, तर खाली उतरायचं.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. ज्याला त्रास होतो, त्याला तो कळतोच असं नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला की विचार मंदावतो आणि माणूस ‘मला काही झालेलं नाही’ यावर अडून बसतो. म्हणून आईवर बाबांनी लक्ष ठेवायचं आणि बाबांवर आईने. सकाळी उठल्यावर आणि झोपण्याआधी एकमेकांना विचारा : डोकं कसं आहे, खाल्लंस का, लघवी नेहमीसारखी होते का? शंका आली तर सरळ रेषेत, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत, दहा पावलं चालायला लावा. ही चाचणी निघण्याआधी घरीसुद्धा करून बघा. आई, तुझा तोल गुडघ्यामुळे मुळातच थोडा जातो. घरी कसं चालता येतं हे माहीत असेल, तरच वरचा फरक ओळखता येईल. तोल घरच्यापेक्षा स्पष्ट बिघडलेला दिसला, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही. लगेच वैद्यकीय तंबूत जायचं आणि मिळेल त्या वाहनाने ३०० ते १००० मीटर खाली यायचं. खरा इलाज उतरणं हाच आहे. ऑक्सिजन आणि गोळ्या तोवर हातभार लावतात.

यासाठी एक नियम आधीच ठरवून टाका. दोघांपैकी कुणीही ‘उतरूया’ म्हणालं, की दोघांनी उतरायचं. त्यावर चर्चा नको, ‘हे एक गाणं होऊ दे’ नको आणि एकाला मागे ठेवणं तर मुळीच नको. शुक्रवारी उजेड असतानाच वैद्यकीय तंबू कुठे आहे, तिथे ऑक्सिजन आहे का आणि रात्री खाली जायला वाहन कोण देतं, हे तिघांना-चौघांना विचारून घ्या. अंधारात, गर्दीत, कुणाची तब्येत बिघडलेली असताना ही चौकशी फार अवघड जाते.

रात्री झोपेत दुसऱ्याचा श्वास काही सेकंद थांबल्यासारखा वाटेल, मग एकदम खोल श्वास येईल. आई, तू घाबरशील म्हणून लिहिते. उंचीवर पुष्कळांचं असं होतं आणि एवढ्यावरून धोका समजायचा नसतो. मात्र बाबांच्या घोरण्याबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा. झोप येत नाही म्हणून नेहमीची झोपेची गोळी वर घेऊ नका, ती श्वास आणखी मंद करू शकते. दारूचंही तसंच.

औषधांबद्दल डॉक्टरांना निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी भेटा. उंचीच्या त्रासावर आधीपासून घ्यायची गोळी म्हणजे असिटाझोलामाइड. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण तुमच्यासाठी ती योग्य आहे का, हे त्यांनीच ठरवायचं. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायचं. बाबा, तुमच्या बीपीच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी आहे. असिटाझोलामाइडही लघवी वाढवते, म्हणून दोन्ही एकत्र चालतील का, ते नाव घेऊन विचारा. बोटांना मुंग्या येणं हा या गोळीचा ओळखीचा परिणाम आहे, त्याने दचकू नका. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाबही थोडा चढतो, तेव्हा घरचं मशीन सोबत असू द्या. आई, तुझं इन्सुलिन गोठलं तर वितळल्यावरही निकामीच असतं. रात्री ते पिशवीत न ठेवता अंगावरच्या आतल्या खिशात ठेव. शुगर तपासायचं मशीन आणि पट्ट्या थंडीत चूक दाखवतात किंवा चालतच नाहीत, आधी अंगाच्या उबेत ठेवून मग वापर. आणि सगळी औषधं दोन भागांत वाटा. एकाची पिशवी हरवली, तरी दुसऱ्याच्या पिशवीत दोघांची दोन दिवसांची औषधं असली पाहिजेत.

थंडीचा हिशेब सोपा आहे. उंची १००० मीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. ७०० मीटरवरच्या गावात दुपारी ३० अंश असले, तर मैदानावर १७ च्या आसपास असतील, आणि आकाश निरभ्र असेल तर रात्री ते झपाट्याने खाली येतात. त्यात तुम्ही चालत नसणार, तीन-तीन तास बसून ऐकणार. बसलेल्या माणसाचं अंग गरम राहत नाही. अंगाला लागून सुती कपडा नको, तो घामाने ओला झाला की वाळत नाही आणि गारठा धरून ठेवतो. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर ऊबदार जाड थर, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. सतरंजीवर बसू नका, जमीन अंगातली ऊब ओढून घेते. बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या फोमची, बोटभर जाडीची पट्टी दोघांसाठी दोन न्या. रात्री पायांत वेगळे, कोरडे मोजे घाला. झोपायची पिशवी भाड्याने घेताना तिच्यावर तापमानाचे दोन आकडे असतात, ‘कम्फर्ट’ म्हणजे आरामात झोप लागेल तो आणि ‘लिमिट’ म्हणजे जेमतेम निभावेल तो. दुकानदार लिमिटचा आकडा सांगेल, तुम्ही कम्फर्टचा बघा. तो अपेक्षित रात्रीच्या तापमानाहून निदान ५ अंशांनी खालचा हवा. उलट दिवसा ऊन कडक लागतं, कारण दर १००० मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. काठाची टोपी, गडद चश्मा आणि ३० किंवा त्याहून वरच्या एसपीएफचं मलम दर दोन तासांनी.

तंबू खोलगट जागी लावून घेऊ नका. थंड हवा आणि पावसाचं पाणी दोन्ही तिथेच साचतं. जनरेटरपासून लांब, शौचालयापासून अंधारात चालता येईल इतक्या अंतरावर. तंबूत शेगडी पेटवायची नाही, कितीही गारठलात तरी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याची डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीसारखीच वाटते. पाणी उकळून प्यायची वेळ आली, तर तिथे ते साधारण ९१ अंशांवरच उकळतं, म्हणून उकळी फुटल्यावर ३ मिनिटं उकळत ठेवा.

आता संगीताचं, ज्यासाठी एवढा खटाटोप.

बाबा, तुम्ही पुढची रांग धराल, हे मला माहीत आहे. धरू नका. मंचाच्या पायथ्याशी खर्जाचे मोठे स्पीकर असतात, तिथे आवाज सर्वांत जास्त आणि सर्वांत असंतुलित. मैदानाच्या मध्यरेषेवर, मंचासमोर थोड्या अंतरावर आवाज-नियंत्रकाचा तंबू असतो. तो माणूस सगळ्या वाद्यांचा तोल तिथल्या कानांनी जुळवतो, म्हणून त्याच्या जवळपास, किंचित मागे बसलं की त्याने जे ठरवलं तेच ऐकू येतं. मैदान मोठं असलं तर मध्ये आणखी स्पीकरचे खांब उभे करतात. ध्वनीला १०० मीटर जायला सुमारे ०.३ सेकंद लागतात, म्हणून त्या खांबांवरचा आवाज तेवढाच उशिरा सोडतात, नाहीतर प्रत्येक ठेका दोनदा ऐकू आला असता. दोन खांबांच्या मधोमध कडेला बसलात तर असा दुहेरी आवाज येऊ शकतो. उठून मध्यरेषेकडे सरकायचं.

दुपारी लांबचं पुसट ऐकू येतं आणि रात्री तेच तंबूत शिरतं, यालाही कारण आहे. दिवसा जमिनीलगतची हवा गरम असल्याने ध्वनी वर वळतो. रात्री जमीन निवते, वरची हवा तुलनेने उबदार राहते आणि ध्वनी खाली वळून दूरवर पोहोचतो. झोपण्याच्या वेळी खर्ज नको असेल, तर तंबूची जागा ठरवतानाच याचा विचार करा.

कानांचं तर मी आग्रहाने सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मर्यादा सुचवली, ती १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल. तुमच्या कानांसाठी ही पातळीही तासन्‌तास बसण्याची नाही. कामाच्या जागी वापरला जाणारा एक हिशेब असा : ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला जेमतेम पाव तास. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, की कानात बोळे घाला. फोमचे बोळे नुसते दाबून बसत नाहीत. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूला धरून वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून ते फुलेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचं. फोममुळे वरचे स्वर जास्त कापले जातात आणि गाणं मंद वाटतं. संगीतासाठीचे, फिल्टर बसवलेले बोळे सगळे स्वर बऱ्याच अंशी सारखे कमी करतात, म्हणून तेच घ्या.

आई, तुझ्या कानाच्या मशीनला संगीताचा वेगळा प्रोग्राम करून घे आणि त्यात गोंगाट कमी करणारी सोय बंद ठेवायला सांग. ती लांबलेल्या सुराला गोंगाट समजून दाबते. त्यातल्या झिंक-एअर बॅटऱ्या हवेतल्या प्राणवायूवर चालतात, त्यामुळे थंड, कोरड्या, विरळ हवेत लवकर उतरतात. नेहमीच्या दुप्पट ने.

दोन कार्यक्रमांमध्ये वाद्यं लावायला वेळ लागेल, तेव्हा कंटाळून उठू नका. सूर्य कलला की पारा उतरतो आणि पोलादी तारा आकसून चढतात. बासरीतली हवा गार झाली की बासरी उतरते. दमट हवेत चामड्याच्या पुड्या सैल पडतात. की-बोर्डचा सूर मात्र हलत नाही, म्हणून बाकी सगळ्यांना त्याच्याकडे यावं लागतं. हे जुळवणं चालू असताना कान देऊन ऐका. सूर जवळ येत येत मिळतो तो क्षण बाबांना फार आवडेल.

गर्दीत मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं, बॅटरीही थंडीत लवकर उतरते. फोन आतल्या खिशात ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते शुक्रवारीच ठरवा : हलवता न येणारी, रात्री उजेड असणारी जागा आणि ठरलेली वेळ, उदाहरणार्थ दर तासाच्या ठोक्याला. ज्याला ठिकाणी पोहोचता आलं, त्याने तिथून हलायचं नाही. एकमेकांचं नाव, औषधं आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी दोघांच्याही खिशात हवी.

वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. तंबू किंवा एकटं झाड आसरा देत नाही, पक्की इमारत किंवा काचा बंद असलेली बस देते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबायचं.

रविवारी कार्यक्रम संपला की सगळी गर्दी एकाच रस्त्याने निघते. तुम्ही अर्धा तास आधी उठा किंवा दोन तास थांबा. उतरताना काठ्या चढाच्या वेळेपेक्षा ५ ते १० सेंटिमीटर लांब करा, गुडघ्यांवरचा भार कमी होतो. दोन रात्री झोप अपुरी झाल्यावर घाटातून गाडी बाबांनी चालवायची नाही, ड्रायव्हर मी आधीच ठरवते. गुरुवारी मुक्कामी पोहोचलात की फोन करा, आणि शनिवारी सकाळी डोकं कसं आहे ते दोघांनी वेगवेगळं सांगा.

तुमची,
लेक