मफलरने सुरुवात करू नकोस

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, पाच जणांना हाताने केलेलं काहीतरी द्यायचंय आणि हाताशी पाच आठवडे आहेत. पहिल्यांदा मफलर घेतो, तो सोपा असतो ना?" तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. टाके कसे घालायचे ते व्हिडिओत बघ, तिथे हात दिसतात. कुठून सुरुवात करायची आणि कुठे बिघडतं, ते मी लिहिते.

मफलर सोपा असतो हे खरं, पण तो संपत नाही. ३० टाक्यांचा, १५० सेंटिमीटर लांब मफलर म्हणजे मध्यम जाड लोकरीत पाचशेच्या वर ओळी आणि १५,००० च्या आसपास टाके. नव्या हाताला त्यात महिना जातो. शिवाय पहिल्या वीतभरात हात कडक असतो आणि पुढे सैल पडतो, म्हणून एक टोक अरुंद होतं आणि दुसरं पसरतं. कितीतरी लोकांचं विणकाम अर्ध्या मफलरपाशी थांबलेलं मी पाहिलंय. तुझं तिथे थांबू नये एवढंच मला वाटतं.

त्याऐवजी सुती दोऱ्याचा एक तिरपा चौकोन कर, तोंड पुसायला किंवा ओटा पुसायला. चार टाके घाल आणि एक ओळ सुलट वीण. पुढच्या प्रत्येक ओळीत दोन टाके सुलट, मग दोरा पुढे घेऊन सुईवर एक वेढा, आणि उरलेले सगळे सुलट. प्रत्येक ओळीला एक टाका वाढतो आणि काठाला आपोआप जाळी पडते. ४४ टाके झाले की उलटा प्रवास: एक सुलट, दोन एकत्र, वेढा, पुन्हा दोन एकत्र, बाकी सुलट. चार टाके उरले की बंद कर. सगळे मिळून २,००० च्या आसपास टाके होतात, दोन-तीन संध्याकाळचं काम. एवढ्यात तुला टाके घालणं, वाढवणं, कमी करणं आणि बंद करणं सगळं येऊन जातं. माप चुकायची भीतीही नाही, कारण चौकोन थोडा लहानमोठा झाला तरी चौकोनच राहतो. असे तीन चौकोन वेगवेगळ्या रंगांत केलेस आणि एका चांगल्या साबणाबरोबर बांधलेस, की एक भेट तयार.

दोरा घेताना काळा घेऊ नकोस. तुला काळा आवडतो, ठाऊक आहे, पण काळ्यात टाके दिसत नाहीत आणि नवशिक्याला टाके दिसायलाच हवेत. फुलारलेली, केसाळ लोकरही नको, ती उसवताना गुंतते. फिकट रंगाचा, गुळगुळीत, मध्यम जाडीचा दोरा आणि ५ मिलिमीटरच्या सुया, बस. सुईवर मिलिमीटर लिहिलेत का ते बघ, नुसत्या नंबरावर जाऊ नकोस. अमेरिकन ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, पण जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, आणि तिथे नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते. एकाच रंगाचे दोन गुंडे घेतलेस तर दोन्हींच्या लेबलवरचा रंगाच्या घाण्याचा नंबर (डाय लॉट, म्हणजे कुठले गुंडे एकाच वेळी रंगवले ते) जुळवून घे. गुंडे शेजारी धरल्यावर सारखे वाटणारे रंग विणल्यावर वेगळे दिसतात.

आता बिघडतं कुठे ते. चार टाके घालून नुसतं सुलट विणत असताना अचानक पाच झाले, असं होईल. बहुतेक वेळा कारण एकच असतं: ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईवरून मागे ओढली गेलेली असते, त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि तो दोन टाक्यांसारखा दिसतो. तू दोन्ही विणतोस आणि टाका वाढतो. ओळ सुरू करताना लोकर खालून, सुईच्या मागे आहे ना, एवढं पाहिलंस की हा त्रास संपला. टाका निसटला तर घाबरू नकोस. तो शिडीसारखा खाली उतरत जातो, पण क्रोशाच्या सुईने एकेक पायरी उचलत वर आणता येतो. आणि घट्ट विणू नकोस. टाका सुईवर सहज सरकला पाहिजे. मन लावून विणणाऱ्या माणसाचा हात नेमका आवळतो, तुझं अक्षरही लहानपणी कागद फाटेल इतकं दाबून यायचं.

क्रोशाबद्दल विचारलंस. मला विचारशील तर घाईच्या भेटींसाठी क्रोशा जास्त उपयोगी. दोन सुयांच्या कामात सगळे टाके सुईवर जिवंत असतात, क्रोशात एका वेळी एकच. काम खाली ठेवलंस, सुई निसटली, तरी फार तर दोन-तीन टाके उसवतात. दोरा मात्र जास्त लागतो.

क्रोशात पहिल्यांदा कपाखाली ठेवायची गोल चकती घे. चार साखळ्यांचं कडं करून पहिल्या फेरीत त्यात १२ खांब, म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन घातलेले उंच टाके, घाल. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे २४. तिसरीत एकावर एक, पुढच्यावर दोन, म्हणजे ३६. मध्यम सुती दोरा आणि ४ मिलिमीटरची सुई असेल तर तीन फेऱ्यांत साधारण १० सेंटिमीटरची चकती होते. गोलाची ही युक्ती मला फार आवडते: प्रत्येक फेरीला १२ च वाढवायचे. जास्त वाढवलेस तर कडेला झालर पडते, कमी वाढवलेस तर चकतीची वाटी होते. चूक डोळ्यांना लगेच दिसते. मुके खांब घालणार असशील, म्हणजे वेढा न घेता घातलेले बुटके टाके, तर ६ ने सुरू कर आणि दर फेरीला ६ वाढव. हात बसल्यावर अर्ध्या तासात एक चकती होईल. सहांचा संच ही दुसरी भेट.

पॅटर्न वाचताना तो अमेरिकन आहे की ब्रिटिश, ते आधी शोध. अमेरिकन ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात त्यालाच ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणतात. हे ठाऊक नसलं की सगळं काम दुप्पट उंच किंवा निम्मं होतं आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

चकत्या आणि गरम भांडी धरायचे रुमाल सुती दोऱ्याचेच कर. ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं, ते गरम भांड्याजवळ नकोच.

सकाळी थंडीत गाडी चालवणाऱ्या तुझ्या मित्रासाठी बिनबोटांचे हातमोजे कर. नाव मोठं, काम नुसता आयत. मध्यम जाड लोकर, ५ मिलिमीटरच्या सुया, ३२ टाके, सगळ्या ओळी सुलट. तळव्याभोवती हलकेच ताणून बसेल इतकं लांब झालं, साधारण १८ सेंटिमीटर, की बंद कर. सुरुवातीचा आणि शेवटचा काठ एकमेकांना शिवून टाक, मध्ये अंगठ्यासाठी ५ सेंटिमीटर जागा सोड. सगळं सुलट विणलेलं कापड उभ्या दिशेने, म्हणजे ओळी एकावर एक चढत जातात त्या दिशेने, छान ताणतं, म्हणून ते हाताभोवती तसं फिरवायचं. आधी दहा सेंटिमीटरचा नमुना विणून टाके मोज. माझे १८ बसतात, तुझे १६ बसले तर हातमोजा लांब होईल, मग २८ च घाल.

ताईच्या मैत्रिणीच्या बाळासाठी टोपी म्हणालास, ती शेवटी घे, हात सरावल्यावर. जरा बारीक लोकर, ४ मिलिमीटरच्या सुया, ७२ टाके, दोन सुलट दोन उलट. १५ सेंटिमीटर झालं की लोकर हातभर ठेवून काप, बोथट सुईत ओव, सगळ्या टाक्यांतून ओढून घट्ट आवळ आणि त्याच लोकरीने मागची कड शिव. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो. ही वीण ताणते, त्यामुळे काही महिने पुरेल. गोंडा लावू नकोस. बटण, मणी, फीत काहीच नको, बाळाच्या हाताला आलेलं तोंडात जातं. आतली लोकरीची टोकं नीट शिवून टाक, सुटा धागा इवल्या बोटाला गुंडाळला जातो आणि रक्त अडतं. बाळ झोपताना टोपी काढून ठेवायची, हेही त्यांना सांग.

आणि एक चिठ्ठी जोड. तुझ्या जन्माआधी मी एका मैत्रिणीच्या बाळासाठी शुद्ध लोकरीचा स्वेटर विणला होता, दोन महिने लागले होते. तिने तो प्रेमाने गरम पाण्यात घासून धुतला आणि तो आटून जाड नमद्यासारखा झाला. ती रडवेली होऊन घेऊन आली. चूक तिची नव्हती, मी तिला सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून गुंड्यावरचं लेबल मी भेटीबरोबर देते आणि त्यावर लिहिते: गार पाणी, पिळायचं नाही, सपाट वाळवायचं. बाळासाठी तर मशीनमध्ये धुता येईल अशीच लोकर घे. रात्री दोन वाजता नव्या आईने लोकर हाताने धुवावी, ही अपेक्षा मला बरोबर वाटत नाही.

पाचवी भेट अजून ठरवू नकोस. चौकोन, चकत्या, हातमोजे, टोपी, एवढं पाच आठवड्यांत झालं तर खूप झालं. पाचव्याला आणखी एक चकत्यांचा संच चालेल.

पहिला चौकोन अर्धा झाला की त्याचा फोटो पाठव. दिवसाच्या उजेडात काढ आणि दोन्ही बाजू दिसू देत. जाळीचा काठ नीट दिसला की कुठल्या ओळीत वेढा राहिलाय ते मी इथून सांगू शकेन.

तुझी,
आई