टिकली लावून टळणारे हे संकट नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुलीला अमेरिकेत शिकायला पाठवणाऱ्या एका वडिलांचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या याच सदरात वाचले. काळजी खरी आहे. माझी भाची तिकडे असते, त्यामुळे तिकडच्या गोळीबाराची बातमी आली की आमच्याही घरात आधी गाव कुठले ते पाहिले जाते. पण पत्राच्या शेवटी त्यांनी दिलेला सल्ला वाचून गप्प बसवेना. मुलींनी टिकली लावून हिंडावे, मुलांनी दाढी वाढवू नये, म्हणजे गोऱ्या माथेफिरूंचा आपल्याबद्दल गैरसमज होणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

टिकलीपासूनच सुरुवात करते. १९८७च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत भारतीयांना शहराबाहेर घालवायला निघालेल्या टोळीने स्वतःचे नावच मुळी टिकलीवरून ठेवले होते : ‘डॉटबस्टर्स’. फोनच्या डिरेक्टरीत पटेल आडनाव हुडकून आम्ही घरे शोधतो, अशी त्यांची जाहीर धमकी होती आणि ती छापून आली होती ‘जर्सी जर्नल’ या दैनिकात, वाचकाचे पत्र म्हणून! (आपल्या सदरावर रोख नाही.) त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुण बँक अधिकाऱ्याला पोरांच्या टोळक्याने इतके बडवले की चार दिवसांत तो गेला. तो पारशी होता. टिकलीचा प्रश्नच नव्हता. हे गोऱ्या वर्चस्ववाद्यांचे संघटित काम नव्हते, हे मान्य. पण टिकलीचे कवच किती टिकते, ते यातून दिसते.

आता त्या ‘गैरसमजा’कडे येते. ५ ऑगस्ट २०१२, रविवारची सकाळ. विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीजवळ ओक क्रीक नावाचे गाव आहे. तिथल्या गुरुद्वारात बायका लंगरच्या स्वयंपाकात होत्या. बाहेर असलेल्या दोन लहान मुलांनी गोळ्या झाडणारा माणूस पाहिला आणि आत धावत येऊन सांगितले, म्हणून पुष्कळजण कोठाराच्या खोलीत लपून वाचले. गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका हाताला लागलेली सुरी घेऊन बंदूकधाऱ्यावर धावून गेले आणि मारले गेले. सहाजण त्या दिवशी गेले. सातवे, बाबा पंजाबसिंग, सात वर्षांहून अधिक काळ अर्धांगाने अंथरुणावर होते. त्यांनी २०२०च्या मार्चमध्ये प्राण सोडला. सर्वांत आधी पोहोचलेल्या ब्रायन मर्फी या गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याला पंधरा गोळ्या लागल्या होत्या. मदतीला आलेल्या सहकाऱ्यांना त्याने हातानेच खुणावले, आधी आतल्या लोकांकडे जा. तो वाचला.

त्यानंतर तिकडच्या वाहिन्यांवर आणि त्यांचे पाहून इकडेही काय सुरू झाले, ते आठवा. हल्लेखोराने शिखांना मुसलमान समजून मारले असावे, बिचारे चुकून बळी पडले. ‘चुकून’ म्हणताना आपण काय कबूल करतो, याचा कुणी विचार केला नाही. मग हाच माणूस नेमका मशिदीत शिरला असता तर ते बरोबर ठरले असते का?

आणि तो माणूस अडाणीपणाने भरकटलेला नव्हता. वेड मायकेल पेज हे त्याचे नाव. सहा वर्षे सैन्यात होता, तिथून त्याला काढले गेले. पुढची बारा वर्षे तो गोऱ्या वर्चस्ववादी संगीतमंडळींत गिटार वाजवीत, गात फिरत होता. या मंडळींचे रॉक बँड असतात, जलसे होतात, ध्वनिमुद्रिका विकल्या जातात, त्यातून पैसा उभा राहतो आणि सोळा-सतरा वर्षांची एकलकोंडी पोरे आयती मिळतात. पेज ‘हॅमरस्किन्स’ या स्किनहेड, म्हणजे डोके भादरून हिंडणाऱ्या गोऱ्या वंशवाद्यांच्या, संघटनेचा सदस्य होता. अशा संघटनांवर पाळत ठेवणाऱ्या ‘सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर’च्या दफ्तरी त्याची नोंद २००० सालापासून होती. त्याच्या दंडावर १४ हा आकडा गोंदलेला होता. हा आकडा म्हणजे डेव्हिड लेन नावाच्या इसमाने रचलेले चौदा शब्दांचे एक वाक्य : आपल्या वंशाचे अस्तित्व आणि गोऱ्या मुलांचे भवितव्य आपल्याला राखलेच पाहिजे, असा त्याचा आशय. १९८४ साली डेन्व्हरमध्ये ॲलन बर्ग या ज्यू रेडिओ निवेदकाची हत्या झाली. त्या प्रकरणात हा लेन दोषी ठरला आणि २००७ मध्ये तुरुंगातच मेला. वाक्य मात्र दंडादंडांवर फिरते आहे.

त्या वाक्यात शीख, मुसलमान, हिंदू यांतला एकही शब्द नाही. त्याची गरजच नाही. आपण संपत चाललो आहोत ही भीती एकदा मनात भरवली की संपवणारा कोण, हे ज्याचे त्याने ठरवायचे. रेनो कामू या फ्रेंच लेखकाने २०११ साली याच भीतीला ‘महा-अदलाबदल’ असे भारदस्त नाव दिले. गोऱ्यांना हटवून त्यांच्या जागी परके वसवले जात आहेत आणि वरचे पुढारी ते मुद्दाम घडवून आणत आहेत, असा त्याचा मथितार्थ. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधील दोन मशिदींत ५१ माणसे मारणाऱ्याने आपल्या जाहीरनाम्याला हेच नाव दिले होते. मृतांत पाच भारतीय नागरिकही होते. त्या जाहीरनाम्याचे कौतुक करीत अमेरिकेतल्या एल पासोच्या वॉलमार्ट दुकानात एकाने मेक्सिकन म्हणून २३ जणांना मारले. २०२२ साली बफलोत एका पोराने त्यातला मजकूर जसाच्या तसा उचलला आणि किराणा घ्यायला आलेल्या दहा कृष्णवर्णीयांना टिपले. त्याआधी २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, अकरा ज्यू मारले गेले. मारणाऱ्याचा राग होता तो निर्वासितांना मदत करणाऱ्या एका ज्यू संस्थेवर. यादी एकच, फक्त नावे भरण्याच्या जागा रिकाम्या. त्यात टिकलीवालीचे नाव कुणी कधी भरील, हे तिच्या कपाळावर अवलंबून नाही.

कॅन्ससमधला श्रीनिवास कुचिभोतला आठवत असेल. बत्तीस वर्षांचा इंजिनिअर, फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑफिस सुटल्यावर मित्राबरोबर एका बारमध्ये बसला होता. एक माणूस त्यांना व्हिसाचे विचारू लागला, शिवीगाळ करू लागला. त्याला बाहेर काढले, तर तो बंदूक घेऊन परत आला आणि ‘माझ्या देशातून चालते व्हा’ म्हणत गोळ्या झाडल्या. श्रीनिवास गेला, मित्र जखमी झाला, मारेकऱ्याच्या मागे धावलेला इयन ग्रिलट हा गोरा तरुणही जखमी झाला. पुढे दुसऱ्या गावात तो मारेकरी सांगत होता की मी दोन इराण्यांना मारले. झाले, पुन्हा तोच निष्कर्ष : गैरसमज! त्यानंतर तिकडच्या तेलुगू मंडळींत सूचना फिरू लागल्या, चारचौघांत मातृभाषेत बोलू नका. म्हणजे टिकली लावा, दाढी काढा आणि तेलुगू, मराठी बोलू नका. एवढे सगळे केल्यावर मुलगी सुरक्षित होईल म्हणता?

ओक क्रीकच्या मुलांनी मात्र हा ‘चुकून’चा आधार घेतला नाही. आई गमावलेला अठरा वर्षांचा हरप्रीतसिंग सैनी महिन्या-दीड महिन्यात सिनेटच्या समितीपुढे उभा राहिला. माझ्या आईची नोंद निदान कागदावर तरी करा, अशी त्याची मागणी होती, कारण एफबीआय या तिकडच्या केंद्रीय तपास संस्थेच्या द्वेषगुन्ह्यांच्या तक्त्यात शिखांचा रकानाच नव्हता. २०१५ पासून तो आला. त्याच वेळी हिंदूंचाही आला, हे आपल्या पत्रलेखकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. सतवंतसिंगांचा मुलगा परदीप याने आणखीच वेगळी वाट धरली. पेज ज्या जाळ्यात होता, ते मिलवॉकीत विणणाऱ्यांपैकी एक आणि पुढे त्यातून बाहेर पडलेला आर्नो मायकेलिस याला त्याने गाठले आणि पेजने असे का केले असेल, म्हणून विचारले. पुढे दोघे मिळून शाळाशाळांतून बोलू लागले.

आपल्याकडच्या सुशिक्षितांत आणखी एक समजूत खोलवर आहे : आपणही आर्यच, तेव्हा त्या लोकांना आपण तितके परके नाही. ही समजूत शंभर वर्षांपूर्वीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तपासून झाली आहे. पंजाबचे भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. मी उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरा, म्हणून नागरिकत्वाला पात्र, असा दावा त्यांनी केला. १९२३ साली न्यायालयाने सांगितले की, सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. मग आधी मिळालेली नागरिकत्वेही काढून घेतली गेली. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णोदास बगाई यांनी त्यापायी १९२८ मध्ये जीव दिला. थिंड यांच्या दाव्यातली एक गोष्ट मला नेहमी खटकते. आम्हाला माणूस म्हणून घ्या, असे ते म्हणत नव्हते. खालच्यांपेक्षा आम्ही वेगळे, म्हणून घ्या, असे म्हणत होते.

नॉर्वेच्या अँडर्स ब्रेविकने तर भारताची स्तुतीच केली होती. २२ जुलै २०११ रोजी त्याने ७७ माणसे मारली. त्यातली ६९ उटोया बेटावर मजूर पक्षाच्या युवक शिबिरात. बहुतेक गोरी, नॉर्वेजियन पोरे. म्हणजे स्वतःच्याच वंशाची! त्याच्या दीड हजार पानांच्या बाडात इथल्या कडव्या हिंदुत्वाबद्दल आपुलकीने लिहिले आहे आणि ते वाचून काहींना तेव्हा गुदगुल्या झाल्या होत्या. त्याच बाडातल्या भावी युरोपात बाहेरच्या मजुरांनी सहा-बारा महिन्यांच्या करारावर यायचे, रोज बारा तास राबायचे, वेगळ्या वस्तीत राहायचे आणि चालू पडायचे, अशी तरतूद आहे. मैत्रीचे हे स्वरूप. आणि गंमत पाहा, आपल्या काल्पनिक सरदारकीचा भरतकामाचा बिल्ला त्याने बनवून घेतला तो वाराणसीच्या एका मुस्लिम कारागिराकडून.

‘आपली संख्या घटते आहे, त्यांची वाढते आहे’ हा मजकूर सकाळी उठल्याउठल्या आपल्या कौटुंबिक गटांवरही येऊन पडलेला असतो, हे वेगळे सांगायला नको. आमच्या स्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर ‘तीस दिवसांत इंग्रजी’ आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी हिटलरचे आत्मचरित्र मराठीत मांडलेले असते. गाडेवाला म्हणतो, स्पर्धा परीक्षावाली मुले नेतात.

आपल्याकडे एक मागणी आहे. अशी बातमी पुढे येईल तेव्हा, आणि ती येईल, मारेकऱ्याचा फोटो तीन कॉलमांत छापू नका; न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी त्याचे नावही तोंडून न काढण्याचे ठरवले होते. (मी वर दोन मारेकऱ्यांची नावे लिहिली आहेत. जुन्या प्रकरणांत त्यावाचून सांगणे कठीण होते. तेवढी आपण गाळलीत तरी माझी हरकत नाही.) ‘गैरसमजातून हल्ला’ हा मथळा कृपा करून देऊ नका. त्याऐवजी तो माणूस काय वाचत होता, कुणाबरोबर उठबस करीत होता, हे द्या. आणि दोन-चार वर्षांनी पुन्हा एकदा त्या गावाचे काय झाले तेही द्या.

त्या वडिलांना माझे एवढेच कळवा की मुलीला टिकली लावायची असेल तर हौसेने लावू द्या. जिथे जाणार आहे तिथल्या विद्यापीठात विद्यार्थी संघटना असतात. भारतीयांच्या असतात, तशाच मुस्लिम, ज्यू, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्याही असतात. पहिल्याच आठवड्यात त्या सगळ्यांशी ओळख करून घ्यायला सांगा.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा