वॉर्डातलं इंग्रजी

शेफील्ड

प्रिय वैशू,

ओईटी, म्हणजे परदेशात काम करणाऱ्या नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा, पास झालीस, आता दोन-तीन महिन्यांत इकडे येशील, हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! इंग्रजीची आणखी काय तयारी करू, असं विचारलंयस. व्याकरणाची पुस्तकं आता बाजूला ठेव. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याची कानाला सवय लावून घे. ती दुखणं सांगतात ते त्यांच्या बोलीतच, आणि परीक्षेच्या पुस्तकांत ती बोली तुला सापडणार नाही.

साउथ यॉर्कशर या आमच्या शेफील्डच्या भागात कुणी 'बॅडली' आहे म्हणालं, तर तो माणूस आजारी आहे. 'नॉबट मिडलिंग' म्हणजे तब्येत जेमतेम. जुनी माणसं दुखण्याचा गवगवा करत नाहीत, म्हणून एवढं कानावर पडलं तरी मी बीपी पुन्हा बघते. 'गिपिंग' म्हणजे उमासे येणं, पण पाठ 'जिप' देतेय म्हणजे ती ठणकतेय. ग आणि ज नीट ऐक. 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. आणि एखादी आजी 'स्टार्व्ड' आहे म्हणाली, तर जेवणाच्या ट्रॉलीकडे धावू नकोस, आधी ब्लँकेट आण. ती गारठली आहे. या शब्दाचा मूळ अर्थ मरणं असा होता. बाकीच्या इंग्रजीत तो भुकेला चिकटला, इकडच्या जुन्या माणसांनी थंडीसाठीही ठेवला. डोंगरापलीकडे लँकशरमध्ये भुकेल्या माणसासाठी 'क्लेम्ड' असा वेगळाच शब्द आहे. यवतमाळच्या उन्हात वाढलेल्या तुला तर इथे सगळे 'नेश' म्हणणार, म्हणजे थंडी न सोसणारी.

मला सगळ्यात जास्त भावतं ते इथलं 'दाउ' आणि 'दी', म्हणजे 'तू' आणि 'तुला'. शाळेत आपण शिकलो की इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नाही. इथल्या खाणकामगारांच्या, पोलाद कारखान्यात राबलेल्यांच्या पिढीत तो अजून ऐकू येतो. 'दाउ'चं 'दा' होतं, आणि ते फक्त जवळच्या माणसाला. मला अरेतुरे करू नकोस, स्वतःला करून बघ म्हणजे कळेल, अशा अर्थाचं एक वाक्यच इथे प्रसिद्ध आहे. मराठी माणसाला ते किती पटकन कळतं बघ! तेव्हा एखाद्या आजोबांनी तुला 'दा' म्हटलं, तर त्यांनी तुला आपल्यातली मानलं असं समज. पण तू मात्र त्यांना लगेच तसं म्हणू नकोस.

आमच्या जुन्या वॉर्डात एक जण म्हणायची, या लोकांचं इंग्रजी अशुद्ध आहे. मला ते फार लागायचं. अगं, ८६६ साली डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांनी यॉर्क घेतलं, तेव्हापासून त्यांचे शब्द इथल्या मातीत मुरलेत. खेळण्याला 'लेक', ओढ्याला 'बेक', हे त्यांचेच. आमच्या फारगेट रस्त्यातला 'गेट'सुद्धा दरवाजा नव्हे, त्यांच्या भाषेतला रस्ता.

जोसेफ राइटबद्दल तुला सांगायलाच हवं. १८५५ मध्ये ब्रॅडफर्डजवळ गरीब घरात जन्मलेला हा मुलगा सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवाची गाडी हाकत होता, मग सॉल्टेअरच्या गिरणीत लागला. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पुढे हायडलबर्गला डॉक्टरेट, ऑक्सफर्डला प्राध्यापकी. आणि एवढं शिकून त्याने काय केलं? १८९२ मध्ये आपल्याच विंडहिलच्या बोलीचं व्याकरण लिहिलं, मग १८९८ ते १९०५ मध्ये इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. गिरणीतल्या माणसांच्या तोंडचे शब्द त्याने विद्वानांच्या टेबलावर नेऊन ठेवले. या माणसाबद्दल मला अपार आदर आहे.

पुढे लीड्स विद्यापीठाने १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी फिरून बोलींची पाहणी केली. शब्द आपण उच्चारायचा नाही, वस्तू दाखवून किंवा वर्णन करून विचारायचं, 'याला तुम्ही काय म्हणता?' वॉर्डात मीही असंच करते. दुखतं तिथे हात ठेवायला सांगते आणि विचारते, याला तुमच्या घरी काय म्हणतात? माणूस एकदम मोकळा होतो.

खाण्याचं म्हणशील तर गोल पावाला इथे 'ब्रेडकेक', मँचेस्टरला 'बार्म', नॉटिंगहॅमला 'कॉब'. कँटीनमध्ये आपोआप शिकशील. गोळ्या-चॉकलेटांना काही म्हातारी माणसं 'स्पाइस' म्हणतात, तेव्हा मसाला शोधत बसू नकोस.

पुण्यात होस्टेलवर तुझ्या 'काहून' आणि 'मले'ला मुली हसायच्या, आणि तू हळूहळू ते बोलणं सोडलंस. मला तेव्हाही ते आवडलं नव्हतं. माझ्याशी फोनवर तरी वऱ्हाडीतच बोलत जा.

पोस्टिंग शेफील्डला की बार्न्सलीला, ते ठरलं की लगेच कळव. अंतर थोडंच आहे, पण बार्न्सलीकर आम्हाला 'डी-डार' म्हणतात, कारण शेफील्डचे लोक 'दी-दा'चं 'डी-डा' करतात. ठिकाण कळलं की तिथले शब्द तिथल्याच मैत्रिणींकडून रेकॉर्ड करून पाठवते. काकूंना नमस्कार.

तुझीच,
मंजू