छोटी मैफल ही पहिली पायरी नव्हे

स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणाऱ्या तरुणांच्या छोट्या मैफलींवरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. लेखाचे स्वागत, पण 'साठ-सत्तर श्रोत्यांत अडकून न राहता या मुलांनी मोठ्या सभागृहांकडे वळावे' हा त्यातला सल्ला पटला नाही.

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात 'ब्लूबर्ड कॅफे' नावाची जागा १९८२ पासून सुरू आहे. दुकानांच्या साध्या रांगेतली, जेमतेम ९० खुर्च्यांची. तिथे गीतकार खोलीच्या मधोमध गोल करून बसतात, आळीपाळीने आपले गाणे म्हणतात आणि ते कसे सुचले तेही सांगतात. गाणे चालू असताना श्रोत्यांनी बोलायचे नाही, हा तिथला कडक नियम. आज जगप्रसिद्ध असलेली गायिका-गीतकार टेलर स्विफ्ट किशोरवयात याच खोलीत गायली आणि तिथेच ती ध्वनिमुद्रण व्यावसायिकाच्या नजरेत भरली. तरीही ती जागा मोठी झाली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

नव्या गाण्याचे शब्द श्रोत्याला पाठ नसतात. ते पहिल्यांदाच कानावर पडतात, म्हणून शांतता आणि जवळीक लागते. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात ओळखीची गाणी रंगतात. अनोळखी ओळ मात्र हरवते. आपल्याकडे वामनदादा कर्डकांनी स्वतः रचलेली गाणी वस्त्यावस्त्यांत, माणसांच्या अगदी समोर गायली, ती याच बळावर रुजली.

महापालिकांनी आपली छोटी सभागृहे आठवड्यातून एक संध्याकाळ अशा गायकांना माफक भाड्यात द्यावीत, ही विनंती.

– एक श्रोता, पुणे