चेनसॉवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

तुमच्याकडे येण्याआधी ज्यांनी ज्यांनी माझं लाकूड कापायचं मशीन बघितलं त्यांचं एकच पालुपद, चेन सगळ्या सारख्याच असतात, लांबी जुळली की झालं. एकाने ०.३२५ इंचाच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, ३/८ इंचाची चेन चढवून दिली, ती दात्यात बसायच्या ऐवजी वर चढत होती, तर म्हणे चालवा, बसेल हळूहळू. दुसरा महाभाग म्हणाला ७ दात्यांच्या जागी ८ दात्यांचं टाका, स्पीड वाढेल. स्पीड वाढतो हो, १४ टक्क्यांच्या आसपास, पण त्याच प्रमाणात जोर कमी होतो आणि माझ्या छोट्या इंजिनाने जाड ओंडक्यात मानच टाकली असती, हे सांगायचं कोणी? वर सल्ला काय, तर घरातल्या कुणाला तरी पाठवा, त्यांना समजावतो.

आणि तुम्ही जुनी चेन बाकावर सरळ केलीत, पट्टी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ताई, तुम्हीच मोजा." लागोपाठ तीन रिवेट, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत, साडेसोळा मिलिमीटर भरलं. त्याचं अर्धं म्हणजे पिच, चेनचं मुख्य माप, सव्वाआठ, झालं की ०.३२५ इंच! तुम्ही एका नजरेत सांगू शकला असता, तरी मी पट्टी दोनदा सरकवेपर्यंत गप्प उभे राहिलात. बाकी सगळं विसरेन काका, ते गप्प उभं राहणं नाही विसरणार.

मग जुन्या स्प्रॉकेटच्या दात्यावरून नख फिरवायला लावलंत. चेनने पाडलेली खाच अशी लागली की नख अडकलंच. अर्धा मिलिमीटर झिजलं की बदलायचं, नाहीतर नवी चेनही खराब होते, दोन चेनमागे एक स्प्रॉकेट धरून चालायचं, आणि बारच्या, म्हणजे ज्या लांब पात्यावर चेन फिरते त्याच्या, टोकाच्या चाकाचं पिचही तेच हवं. गेजचंही, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या चेनच्या भागाच्या जाडीचंही तसंच, १.५ मिलिमीटरच्या खाचेत १.३ ची चेन जाते खरी पण डुलते आणि काप तिरका जातो, हे आधी कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. बहुतेक त्यांनाही माहीत नसावं, पण मग माहीत नाही म्हणायला काय जातं?

तुम्हाला हे विशेष वाटणार नाही, तुम्ही सगळ्यांशी असंच वागत असणार. समोरच्याला समजेल असं धरून चालणारी माणसं फार कमी भेटतात हो, ज्ञान असणारे ढीगभर आहेत.

मशीन मस्त चाललंय, भुसा पडतोय तो पण जाडसर, पावडर नाही. टोकाच्या चाकाला ग्रीस द्यायचं की बारचं तेलच पुरतं ते विचारायचं राहिलं, तेवढ्यासाठी येतेय परत.