लातूरच्या त्या हातांना

सहा तासांच्या शर्यतीत चौथ्या तासाला आमच्या जुन्या मारुती एस्टीमच्या बॉनेटमधून वाफ निघाली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं होतं. पुढची शर्यत तीन आठवड्यांवर, आणि आम्ही सगळे नोकरी करून रात्री गाडीखाली शिरणारे.

एमआयडीसीतले लेथवाले काका, तुमचे आभार कसे मानू? नुसतं गॅस्केट बदलून भागेल असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही हेडवर सरळ पट्टी ठेवली आणि खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्री, सरकवून दाखवला. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलं होतं. फेसिंग करताना, म्हणजे हेडचा तळ पुन्हा सपाट करताना, गरजेपुरतंच घासलंत. जास्त घासलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, वाढतं, हे शांतपणे समजावलंत. पैसे विचारले तर म्हणालात, "आधी शर्यत पुरी करून या."

हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं आवळायला शिकवणारा पोरगा, ब्रेक ऑइल ओल धरतं म्हणून सगळं नवं भरायला लावणारे गंजगोलाईजवळचे मामा, रात्री दोनला भाकरी-ठेचा आणणाऱ्या शेजारच्या मावशी, तुम्हालाही मनापासून धन्यवाद.

रविवारी गाडी सहाही तास पळाली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. काका, उद्या संध्याकाळी येतोय, आता तरी मजुरी घ्या.